पहिल्या पाण्याची

कॉफी माणसाच्या छातीवर सांडते, मांडीवर सांडते, बाहीला लागते. मागे, आपण ज्यावर बसतो तिथे, कॉफी कशी सांडते हे कोडं मला पांढऱ्या कपड्यांच्या बाईंनी घातलं. त्यांचे कपडे दर आठवड्याला आमच्या लॉन्ड्रीत यायचे. पांढरी पँट, पांढरा सदरा, पांढरे टॉवेल, आणि पँटला मागून, शिवणीलगत, कॉफीचा डाग. एकदा असतं तर म्हटलं असतं, खुर्चीत सांडली असेल. पण दर आठवड्याला कोण कॉफीत बसतं?

डागांचं टेबल माझं, म्हणून हे मला ठाऊक. खाली दुकान, वर घर. दुकानात पुढे गल्ल्यावर भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर. मध्ये वाफेच्या इस्त्रीवर माझा नवरा. मागे नळाजवळ मी, ब्रश, व्हिनेगर आणि मिठाच्या बरणीसकट. थोरली जाऊ कपडे घरोघरी पोचवायची. आणि आम्हा सगळ्यांवर नजर ठेवून, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून, सासूबाई.

दुकान त्यांनी एका टबावर उभं केलं होतं. नवरा लवकर गेला, पोरं लहान, हात सोलवटून निघायचे. हे त्या आम्हाला जेवताना सांगायच्या, घास घशात असताना. त्यांचे घरात दोन नियम होते. पहिला, या घरात डागाने दुसरा दिवस पाहायचा नाही. चादर असो, टेबलावरचं कापड असो, गिऱ्हाइकाचा सदरा असो, डाग त्याच दिवशी निघाला पाहिजे. धुतलेलं कापड त्या खिडकीशी उजेडात धरायच्या, पुढून बघायच्या, मागून बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. "डाग आणि सून," त्या म्हणायच्या, "जुने होऊ दिले की ऐकत नाहीत."

दुसरा नियम कॉफीचा. सकाळची कॉफी त्या स्वतः करायच्या. पहिल्या पाण्याची कॉफी त्यांच्या निळ्या काठाच्या कपात आणि दोन्ही मुलांच्या पेल्यांत. मग त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून पुन्हा उकळी, ती सुनांना. रंग असायचा, कडवटपणा असायचा, कॉफी नसायची. मी लग्न होऊन आले तेव्हा थोरलीला ती पिताना बघून मला वाटलं होतं, हिला अशीच आवडत असेल. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढेही तीच आली. मी भुवई उचलली, तर थोरलीने टेबलाखालून माझा पाय दाबला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. आमच्या सासूबाईंनी आपले चार संपल्यावर आमच्यातले तीन उसने घेतले होते.

तर कोडं. थोरली एकदा पांढऱ्या बाईंकडे कपडे पोचवायला गेली ती लवकर परतलीच नाही. आली तेव्हा चेहऱ्यावर तेज आणि हातात एक बादली. स्टीलची, खालून नळी निघालेली, नळीला चिमटा, टोकाला तोटी. पांढऱ्या बाई आपल्या बैठकीच्या खोलीत शुद्धीचा वर्ग चालवत. कॉफी उकळायची, गाळायची, कोमट करायची, उजव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि कॉफी खालून आत सोडायची. यकृत धुतलं जातं, आतडी धुतली जातात, जन्माचं साचलेलं विष निघतं. थोरली हे सांगत होती आणि मला त्या पँटा आठवत होत्या. कोडं सुटल्याचा मला आनंद झाला. आपल्याला काय, डाग कशाचा ते कळलं की झालं.

थोरलीने आधी स्वतःवर प्रयोग केला, मग भाऊजींवर. भाऊजींचं डोकं नेहमी चढलेलं असायचं. पहिल्या खेपेनंतर ते बाथरूममधून बाहेर आले ते शीळ घालतच. कॉफी आहे ती, वरून गेली काय आणि खालून गेली काय, तरतरी आणणारच. पण भाऊजींना वाटलं आपला पुनर्जन्म झाला. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी बसून दोघांना ऐकवत.

"देवाने तोंड कुठे दिलंय ते तरी बघायचं. उद्यापासून जेवणही तिकडूनच घ्या, माझी ताटं वाचतील."

थोरलीच्या तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणणाऱ्या लोकांनी तिला सासूपुढे बघितलेलं नाही. ती नुसती बादली विसळून पालथी घालायची आणि आपली दुसऱ्या पाण्याची कॉफी प्यायची.

मग सासूबाई पडल्या. मीच दुकानाची फरशी धुतली होती, त्या मला ती कशी धुवायची ते दाखवायला खाली आल्या, आणि दाखवता दाखवता आडव्या झाल्या. डाव्या खुब्याचं हाड तडकलं. दवाखान्यातून घरी आणलं ते पलंगावरच. गोळ्या दुखण्याच्या होत्या, त्या गोळ्यांनी पोट बांधल्यासारखं झालं. पोट फुगलं, जेवण उतरेना. एवढंच निमित्त थोरलीला पुरलं.

"आईंचं विष वर सरकतंय," ती म्हणाली.

"अगं, मोडलंय हाड," सासूबाई कण्हत म्हणाल्या. "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

पण पलंगावर पडलेल्या माणसाच्या म्हणी कोण ऐकतं. भाऊजी म्हणाले, मला गुण आला, आईलाही येईल. माझा नवरा इस्त्रीच्या जातीचा, कुणीतरी तापवल्याशिवाय चालत नाही, आणि आईपुढे तर कायम गार. दोघे भाऊ खाली दुकानात निघून गेले. मी सासूबाईंना कुशीवर धरलं, कारण कुणीतरी धरायला हवं होतं.

पहिल्या दिवशी गुण आला, हे नाकारून चालणार नाही. नुसत्या कोमट पाण्यानेही आला असता. पण पोट उतरलं, सासूबाई गाढ झोपल्या, आणि थोरली त्या दिवशी या घरात पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसली. तिथे थांबली असती तर मीही तिचे पाय धरले असते. ती थांबली नाही. रोज सुरू झालं, मग सकाळ-संध्याकाळ. पोट मोकळं असलं तरी. पोटात काही नसलं तरी.

मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे थोरलीबद्दल मला काय वाटतं ते सांगते. तिचा या प्रकारावर खरोखर विश्वास होता. स्वतःच्या अंगावर केल्याशिवाय तिने तो सासूवर केला नाही. आणि तिला त्यात सुखही होत होतं. लोक म्हणतात यातलं एक काहीतरी खरं असणार. कशाला? एकाच हाताने माणूस देवाला फूल वाहतो आणि शेजाऱ्याच्या अंगणात कचराही टाकतो.

ती बादली खुंटीला अडकवायची, चिमटा सोडायची आणि सासूबाईंच्या कानाशी वाकून म्हणायची, "पहिल्या पाण्याची आहे हं, आई. अगदी तुमच्या आवडीची."

हे ती रोज म्हणायची. आवाजात साखर. सासूबाई उशीत तोंड खुपसायच्या. जिच्यापुढे गिऱ्हाइकंही दबून बोलायची ती बाई गाऊन कमरेवर घेऊन दोन सुनांपुढे पडलेली असायची आणि डोळ्यांतून पाणी जायचं. मला तेव्हा दया आली का? थोडी आली. बाकी मला माझ्या बाळंतपणानंतरची सकाळ आठवायची, जेव्हा मी एक कप नीट कॉफी मागितली होती आणि त्या म्हणाल्या होत्या, "सवय लागते."

खरा छळ नळीचा नव्हता. खरा छळ वासाचा होता. सासूबाईंना तोंडाने कॉफी बंद केली होती. पांढऱ्या बाईंच्या शास्त्रात कॉफी वरून घेतली तर विष आणि खालून घेतली तर अमृत. सकाळ-संध्याकाळ घरभर ताज्या कॉफीचा वास सुटायचा, असा की खाली दुकानात गिऱ्हाईक मान वर करून विचारायचं. सासूबाई उशीवरून डोकं उचलायच्या, नाकपुड्या फुलायच्या, डोळे दाराकडे. थोरली बादली घेऊन यायची.

"थोरले, घोटभर वरून दे," त्या म्हणायच्या. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नसेल. "एकच कप. पहिल्या पाण्याचा."

"तोंडाने विष होतं, आई."

"मरणाऱ्याला काय विष."

"मरायला कोण देतंय तुम्हाला? शुद्धी पुरी झाली की पहिला कप तुमचाच. माझ्या हाताने देईन."

"कधी पुरी होईल?"

"बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसायला लागलं की."

त्या दिवसापासून सासूबाई शहाण्यासारख्या वळायला लागल्या. कपासाठी. प्रत्येक खेपेनंतर मान वळवून विचारायच्या, "स्वच्छ आलं?" थोरली भांड्यात बघायची आणि खेदाने मान हलवायची. कॉफी आत घातल्यावर बाहेर स्वच्छ पाणी कसं येणार, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात येईना. शेवटी मीच विचारलं. थोरलीने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच पलंगावर पडले आहे. "शंकेखोर माणसाचं सगळं आतड्यातच साचतं," ती म्हणाली. "तुझाही नंबर लावते."

आणि एक गंमत सांगते. स्वयंपाकघर आता थोरलीचं होतं. कॉफीचा डबा तिच्या हाती, तोंडाशी भरलेला. हवी तेवढी हवी तशी प्यावी. तरी ती बादलीसाठी कॉफी गाळून झाली की उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतायची, उकळी आणायची आणि ते प्यायची. मी एकदा म्हटलं, "वहिनी, चांगली करून घ्या की एक कप." ती हातातल्या पेल्याकडे बघत राहिली, जणू मी तिला दुसऱ्याच्या ताटातलं उचल म्हटलं. सुंभ जळतो, पीळ राहतो. फक्त इथे सुंभ एकीचा होता आणि पीळ दुसरीला पडला होता.

चादरी माझ्याकडे यायच्या. कॉफीचा डाग तसा गरीब असतो. व्हिनेगर लावायचं, जरा मुरू द्यायचं, वरून कढत पाणी ओतायचं, निघाला. एका सकाळी मी तसंच कढत पाणी ओतलं, आणि डागाचा मधला भाग गेला आणि कडा राहिली. गंजासारखी. मी पुन्हा ओतलं, ती आणखी घट्ट झाली. कढत पाण्याने गेला नाही आणि उलट बसला, असा डाग एकच असतो. मी नळाखाली चादर धरली, गार पाणी सोडलं, मीठ चोळलं आणि हाताला कळलं ते मनाला कळू दिलं. पुढची चादर मी पहिल्यापासून गार पाण्यात टाकली. पाणी लालसर झालं.

"वहिनी, रक्त जातंय त्यांचं," मी वर जाऊन सांगितलं.

"जुनी घाण आहे. सुटतेय."

"रक्त आहे. रोज धुते मी, मला कळतं."

"तुला कापडातलं कळतं," ती म्हणाली. "माणसातलं पांढऱ्या बाईंना कळतं."

मी नवऱ्याला सांगितलं. तो सदऱ्याची कॉलर बसवत होता. कॉलर बसल्यावर म्हणाला, दादाशी बोलतो. बोलला नसावा. आणि मी? मी सांगून झाल्यावर खाली आले आणि चादर स्वच्छ धुतली. डाग ठेवून कसा चालेल? त्या दिवशीचा डाग त्या दिवशी. हात थांबलेच नाहीत. उन्हात वाळवली, इस्त्री केली, कपाटात ठेवली. त्यानंतरच्याही.

मग डॉक्टरीणबाई खुबा बघायला आल्या. मनाने चांगल्या, घाईतल्या. सासूबाईंची नाडी बघितली, पापणी खाली ओढली, तेव्हा कपाळावर आठी आली.

"आजी फार उतरल्यात. खाणं-पिणं काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. कॉफी, नळी, सकाळ-संध्याकाळ. थोरली भिंतीसारखी उभी. डॉक्टरीणबाईंनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"हे आजपासून बंद. अंगातले क्षार निघून जातात याने, हृदय बंद पडतं. आत भाजतं, फाटतं. रक्त गेलंय का कधी?"

"नाही," थोरली म्हणाली.

"जातंय," मी म्हटलं. "रोज जातंय. चादरीला लागतं."

"जात असेल तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवायला हवं. चादर दाखवा."

थोरलीने कपाट उघडलं. एकेक चादर काढून तिने डॉक्टरीणबाईंपुढे उलगडली, सावकाश, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवतात तशी. पांढरी. पांढरी. पांढरी. खोलीत उजेड वाढला. पलंगावरची तर मी तासापूर्वीच बदललेली. डॉक्टरीणबाईंनी एकीवर हात फिरवला.

"इतक्या स्वच्छ चादरी आमच्याकडेही नसतात," त्या म्हणाल्या. माझ्या कामाचं कुणी केलेलं तेवढंच एक कौतुक.

"मी धुते ना," मी म्हटलं. "धुते म्हणून दिसत नाही. तुम्ही त्यांनाच विचारा."

डॉक्टरीणबाई वाकल्या. "आजी, खरं सांगा. रक्त जातं का?"

सासूबाईंनी डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, दारातल्या मुलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो उजेडात कापड धरल्यावरचा डोळा मी ओळखते.

"माझ्या चादरीवर डाग?" त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाचे डाग काढले मी. माझ्या चादरीवर डाग नाही. हिला कामाचा कंटाळा आहे, म्हणून कुरकुरते."

थोरलीने चादरीची घडी घातली. डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तपासणी लिहून दिली, नळी बंद करा म्हणून पुन्हा बजावलं, आणि जाताना म्हणाल्या, "कॉफी हवीय त्यांना? द्या की घोटभर प्यायला. काही होत नाही." थोरली सगळ्याला हो हो म्हणाली. दार लागल्यावर ती भाऊजींना म्हणाली, आधी सुईने रक्त काढायचं आणि मग रक्त कमी आहे म्हणायचं, हा यांचा धंदा. भाऊजींना ते पटलं. संध्याकाळी घरभर कॉफीचा वास सुटला.

सासूबाईंनी मला पलंगाशी बोलावलं. "चारचौघांत माझी चादर काढलीस," त्या म्हणाल्या. "आजपासून माझ्या चादरीला हात लावायचा नाही. थोरली धुवेल."

मला इतका राग आला की मी हसले. म्हटलं, "बरं." मनात म्हटलं, मरा मग. असं मनात म्हटलेलं खरं होत नाही म्हणतात.

थोरलीला डागातलं काय कळतं. तिने कढत पाणी ओतलं, आणखी कढत ओतलं, आणि एकेक चादर भाजून काढली. तपकिरी डाग, त्यावर नवा डाग, कडेला कडा. दोरीवर त्या चादरी नकाशासारख्या लटकायच्या. रस्त्यावरून दिसायच्या, लॉन्ड्रीवाल्यांच्या दोरीवर. सासूबाईंची नजर तोवर अंधुक झाली होती. त्या विचारायच्या, "पांढरी आहे ना?" आणि थोरली म्हणायची, "दुधासारखी."

हे मला सोसलं नाही. त्यांचं मरण सोसत होतं, हे खोटं सोसेना. एका दुपारी थोरली आणि भाऊजी पांढऱ्या बाईंच्या वर्गाला गेले होते. मी दोरीवरची सगळ्यात वाईट चादर ओढून वर नेली आणि खिडकीशी, उजेडात, त्यांच्या डोळ्यांपुढे ताणून धरली, त्या माझ्यापुढे धरत तशी.

"बघा," मी म्हटलं. "डोळे उघडून बघा काय आहे."

त्यांनी बराच वेळ बघितलं. ओठ पुटपुटत होते. मग अगदी दुकानातल्या आवाजात, स्पष्ट म्हणाल्या, "कुणाच्या घरचं आहे हे?"

"तुमच्या, आई. तुमच्या अंगाखालचं."

"परत करून टाक. लोकांना इतका उशीर का होतो? आधी आणलं असतं तर निघालं असतं." आणि डोळे मिटले.

माझे हात खाली आले. मी जिन्यावरून नवऱ्याला हाक मारली आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंना घेऊन ये, नाहीतर मी ही चादर दुकानाच्या दारावर टांगते. तो तापला. पहिल्यांदाच तापला. चप्पल न घालता पळाला.

मी स्वयंपाकघरात गेले. डबा उघडला. मोजमाप न करता, हात सैल सोडून कॉफी घातली. पहिलं पाणी. वास सुटला. निळ्या काठाचा कप मांडणीवर मागे गेला होता, तो काढला, विसळला, भरला. त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्याविषयी काही वाईट नव्हतं. डॉक्टरीणबाई येतील, दवाखान्यात नेतील, जगतील किंवा मरतील, पण मागितलेला कप आज पोटात जाईल, एवढंच होतं. कप घेऊन मी खोलीत गेले.

"आई, कॉफी आणलीय."

नाकपुड्या हलल्या. डोळे मिटलेलेच. मग त्यांनी हाताने पलंगाची कड चाचपली, दात आवळले आणि वळायला लागल्या. कुणी धरलेलं नव्हतं. मोडलेल्या खुब्यासकट, कण्हत, थांबत, स्वतःच्या स्वतः उजव्या कुशीवर वळल्या. गुडघे पोटाशी ओढून घेतले. गाऊन वर केला आणि तोंड उशीत खुपसलं.

"लवकर उरक," त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला, गाऊन ओढून झाकला. पलीकडून जाऊन त्यांच्या तोंडाशी बसले. "आई, प्यायची आहे. पहिल्या पाण्याची. तुमचा कप आहे, बघा." मी चमच्यात घेतली आणि ओठांना लावली.

ओठ घट्ट मिटले. मान मागे गेली. कॉफी हनुवटीवरून उशीवर ओघळली.

"तोंडाने नको," त्या म्हणाल्या. "तोंडाने विष होतं."

मी पुन्हा लावली. पुन्हा ओघळली. तिसऱ्यांदा मी चमचा जोराने लावला, दातांवर आपटला. त्यांनी दात उघडले नाहीत. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला, थोरलीचा नाही, यांचाच. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही या बाईने, आणि ऐकलं ते हे.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "स्वच्छ आलं?"

"आलं, आई. स्वच्छ आलं."

त्यांनी मान हलवली. कप मागितला नाही. मीही आठवण केली नाही. श्वास आधी लांब झाला, मग मधे मधे विसरायला लागला, मग पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. त्या तशाच राहिल्या, उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी.

मी कप उचलून स्वयंपाकघरात आले आणि टेबलाशी बसले. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. थोरली एकटीच होती, भाऊजी खाली दुकान सांभाळायला थांबले होते. ती खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा, पांढऱ्या बाईंच्या सदऱ्यासारखा.

"मी नव्हते तेव्हा बादली कुणी लावली?" तिने विचारलं. "कुशीवर कुणी वळवलं त्यांना?"

"कुणी नाही. वळल्या."

ती उभी राहिली. मग तिचे हात आपोआप चालायला लागले. पातेल्यात मी केलेल्या कॉफीचा चोथा होता. तिने त्यावर पाणी ओतलं, गॅस पेटवला, उकळी आणली, पेल्यात गाळलं. पेला घेऊन माझ्यासमोर बसली. खाली रस्त्यावर माझ्या नवऱ्याचा आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. कुठल्या दाराने, हे विचारत होत्या.

मी निळ्या काठाचा कप तोंडाला लावला. थोरली माझ्या घशाकडे बघत होती.

"कशी लागते?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिला ते माहीत नव्हतं.

"चांगली आहे," मी म्हटलं.

तिने पेला बाजूला सारला आणि हात पुढे केला. घोटभर मिळावी म्हणून. जिन्यावर पावलं चढत होती. मी कप खाली न ठेवता पीत राहिले, तळ दिसेपर्यंत. जरा कोमट झाली होती, पण खरंच चांगली होती.